तीन महिने तोंडावर बोट

भुवनाची स्कूटर वाजली की ओरत्तनाडूकडच्या खेड्यांतल्या नव्या सुना आत पळत. ही सरकारी नर्स ख्यालीखुशाली विचारायच्या आधी पाळीची तारीख विचारी! सत्तावीस वर्षं तिने हेच केलं. लग्नाला चार महिने झालेली मुलगी दिसली की तिला अंगणातच गाठायची आणि तमिळमध्ये खडसवायची, “मूल हवं असं मनात आलं की मला सांग. दिवस गेल्यावर नव्हे, आधी.” शुगर किती, थायरॉईड ठीक आहे का, फॉलिक ॲसिडची गोळी सुरू झाली का, हे सगळं तिला आधी हवं असे. बाळाचं हृदय आणि पाठीचा कणा पहिल्या दोन महिन्यांतच घडतात. घरच्यांना बातमी कळेपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं, असं ती सांगे, आणि ते खरंच आहे.

पण संध्याकाळी तंजावूरला, राजवाड्यामागच्या मराठी वस्तीतल्या गल्लीत घरी परतली की हीच बाई निराळी व्हायची. सून साईप्रिया घरात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी भुवनाने तिला समोर बसवून सांगितलं होतं, “आपल्या घरांत दिवस गेले तर तीन महिने भरल्याशिवाय गोष्ट तोंडाबाहेर काढायची नाहीं. दृष्ट लागते.”

नर्सने दृष्टीच्या गोष्टी कराव्यात म्हणजे दिव्याखाली अंधारच म्हणायचा. पण तिच्या पोटातली भीती जुनी होती. पहिल्या वेळी तिने दुसऱ्याच महिन्यात सगळ्या गल्लीला सांगितलं आणि पंधरा दिवसांत गर्भ पडला. सासूने तिच्या जिभेला दोष दिला. तो दोष खोटा, हे भुवनाला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी मुलाच्या, कार्तिकेयच्या वेळी तिने तीन महिने नवऱ्याखेरीज कोणाला कळू दिलं नाही, आणि कार्तिकेय सुखरूप जन्मला. मग पुस्तकाचं कोण ऐकतो?

साईप्रियाला चोविसाव्या वर्षापासून शुगर होती. बँकेत नोकरी करणारी, गोळ्या वेळेवर घेणारी, शहाणी मुलगी. ‘आमच्या घरी नर्स आहे, काळजी नको,’ असं भुवनानेच तिच्या आईवडिलांना ठासून सांगितलं होतं. तोंड बंद ठेवायचं ते बाहेरच्यांपुढे, सासूपुढे नव्हे, एवढं वेगळं सांगायला हवं असं तिच्या मनातही आलं नाही.

साईप्रियाने मात्र नियम अक्षरशः पाळला. दिवस गेले तेव्हा तिने कार्तिकेयलाही गप्प बसवलं. शुगरच्या गोळ्या बाळाला बाधतील या भीतीने त्या स्वतःच बंद केल्या. विचारायचं कोणाला? विचारण्यासारखी बाई घरातच होती, पण तिनेच तर तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं.

तीन महिने भरले त्या शुक्रवारी साईप्रियाने वाटीत खडीसाखर आणून भुवनाच्या हातावर ठेवली. भुवनाने खडा तोंडात टाकून तिला मिठीत घेतलं, दोन्ही गाल कुरवाळले, देवापुढे दिवा लावला. मग सवयीने विचारलं, “गोळ्या घेतेस ना?”

“नाहीं अत्या.” सासूला ती अत्या म्हणे. “बाळाला बाधतील म्हणून थांबवल्या.”

“कधीं?”

“कळलें त्याच दिवशीं.”

खडीसाखर भुवनाच्या तोंडात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी शुगर खूप चढलेली होती. डॉक्टरांनी त्याच दुपारी इन्सुलिन सुरू केलं. कार्तिकेयला वाटलं, आता आई घर डोक्यावर घेणार. पण ती ओरडली नाही. सुनेला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, “चूक तुझी नाहीं. तुझें तोंड मींच बंद केलें.” आणि पदराने डोळे पुसत इडलीचं पीठ फेटायला लागली.

मग वाट बघणं आलं. बाळाचं हृदय नीट दिसायला पाचवा महिना लागतो. भुवना दिवसातून चारदा सुनेचं बोट टोचून शुगर बघे, ताटातला भात डावाने मोजून वाढी. शुगर ताब्यात आली, पण जे घडायचं ते पहिल्या दोन महिन्यांतच घडून गेलेलं, हे त्या घरात तिच्याएवढं कोणाला ठाऊक नव्हतं. देवाला नवस बोलतानाही तिला लाज वाटे.

स्कॅनमध्ये पाठीचा कणा छान निघाला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मात्र एक बारीक भोक होतं. डॉक्टर म्हणाल्या, “अशी भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात. नाही बुजलं तर उपाय आहेत. शुगरमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण त्या शुगरने धोका वाढला होता, हे खरं.” साईप्रिया घरी येईपर्यंत रडली. भुवना तिचा हात धरून बसली होती.

सातव्या महिन्यात बांगड्या भरायचा समारंभ, वळैकाप्पु, ठरला. त्या सकाळी भुवनाने सुनेला विचारलं, “गल्लीतल्या बायकांना सांगूं का?”

साईप्रिया म्हणाली, “सांगा. पण मी शेजारीं असतांना सांगा.”

बायका जमल्या, साईप्रियाचे हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्यांनी भरले. लिंबूभात वाढायच्या आधी भुवनाने उभं राहून सगळं सांगून टाकलं. शुगर, बंद केलेल्या गोळ्या, बाळाच्या हृदयातलं भोक, आणि आपला नियम. “दृष्टीला भिऊन मीं माझ्याच सुनेला गप्प बसवलें,” ती म्हणाली. “तुमच्या सुनांना बसवूं नका.”

थोरली जाऊ कामाक्षी फणकारली, “अय्यो, शुभ कार्यांत हें काय बोलतेस?” बाकीच्या बायका मुकाट्याने जेवल्या आणि विडे घेऊन लवकरच निघून गेल्या. आपण सुनेला नाहक उघड्यावर आणलं असं भुवनाला वाटलं आणि ती फार हिरमुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. पलीकडच्या घरची जननी उभी होती, दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली. बरोबर तिची सासूही होती.

“पाळी चुकून किती दिवस झाले?” भुवनाने सवयीने विचारलं.

जननीने सासूकडे पाहिलं. सासूने ‘सांग’ म्हणून मान हलवली.

“अजून कांही नाहीं, अक्का,” जननी म्हणाली. “म्हणून तर आधींच आलों.”