दादाचं भाषण, आईची कॅसेट

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कानाला हेडफोन लावून बसले होते. गंगापूर रोडवरचा माझा फ्लॅट, रविवारची दुपार, टेपरेकॉर्डरमधून निघालेली वायर कॉम्प्युटरच्या मागे खोचलेली, आणि कॅसेटमधली आई सांगत होती की यंदा शेवग्याला शेंगाच धरल्या नाहीत. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. वहिनीचा भाऊ होता. "भास्करराव गेले," म्हणाला, मळ्यात पाणी भरता भरता कोसळले. मी "येते" म्हटलं, फोन ठेवला, आणि आधी आईची ती बाजू संपू दिली. हे वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या.

शोकसभेत मी पुढच्या रांगेत होते. दादाला देवमाणूस ठरवण्याची चढाओढच लागली होती तिथे. भाजीपाला सोसायटीचे चेअरमन म्हणाले, आपला आवाज हरपला. मला बोलायचा आग्रह झाला, मी मानेनंच नाही म्हटलं. तिथे जे बोलले नाही ते इथे लिहिते आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण जिवंत होता तेव्हाही मला कुणी बोलू दिलं नव्हतं.

मी जन्मापासून आंधळी. मखमलाबादजवळ आमचा मळा, झेंडू आणि कोथिंबीर पिकवणारं घर. मला शिकायला पुण्याच्या अंधशाळेत ठेवलं होतं. घरून पत्र आलं तर ते हॉस्टेलच्या बाई वाचून दाखवणार, म्हणजे सगळ्यांसमोर. आईला ते नको होतं. म्हणून ती मला कॅसेट पाठवायची. गाय व्यायली, शेजारच्या काकू भांडल्या, झेंडूला भाव नाही, तू तेल लावतेस का… असं सगळं. टेपरेकॉर्डर मात्र दादाच्या ताब्यात. सुरुवातीला रेडिओवाल्यासारखा तो जाहीर करायचा, "आता आई बोलेल." आईचा गळा दाटला की खटकन बटण. पुढचं वाक्य एकदम कोरड्या आवाजात सुरू व्हायचं. मधे काय झालं असेल ते मी हॉस्टेलच्या कॉटवर बसून ओळखायचे, आणि दादाचा राग राग करायचे. त्याचा आवाजही नको वाटायचा. आईचं बोलणं आवरत आलं, की शेवटची त्याची "बास, संपलं" ही घोषणा यायच्या आत मी टेप बंद करून टाकायचे.

आई गेल्यावर या कॅसेट मळ्यातल्या घरी कपाटात होत्या. प्रत्येकीवर मी ब्रेलची पट्टी चिकटवली होती. एका दिवाळीला दादानं कपाट आवरलं आणि त्या पट्ट्या सोलून काढल्या. त्याला तो टोचे पडलेला कचरा वाटला. त्या जागी पेनानं सुंदर अक्षरात 'आई' असं लिहिलं म्हणे, सगळ्यांवर तेच. मला ते सुंदर अक्षर काय कामाचं? तेव्हाच मी शहाणी झाले. कॅसेटच्या पाठीला दोन कोपऱ्यांत प्लास्टिकचे बारीक चौकोन असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. मी बसून एकेक कॅसेट वाजवली, पट्ट्या पुन्हा लावल्या आणि सगळे चौकोन नखानं मोडून टाकले. आता आईला कुणी हात लावू शकत नाही, असं मला वाटलं.

बँकेत ऑपरेटरची नोकरी लागली, फ्लॅट झाला, तेव्हा मी कॅसेटचं खोकं मागितलं. दादानं बरेच दिवस टाळाटाळ केली. शेवटी आलं. मी सवयीनं प्रत्येकीच्या पाठीवरून बोट फिरवत गेले. खड्डा, खड्डा… आणि एकीवर बोट गुळगुळीत सरकलं. मोडलेल्या जागांवर कुणीतरी सेलोटेप लावली होती. वाजवायच्या आधीच मला कळलं. तरी वाजवली. "बंधू आणि भगिनींनो…" दादा. सोसायटीच्या निवडणुकीतलं भाषण. आणि खाली माझी ब्रेलची पट्टी तशीच होती. आई आजारी पडण्यापूर्वीची, तिची शेवटची कॅसेट होती ती.

मी मळ्यात जाऊन जाब विचारला. तो जेवत होता. जेवण न थांबवता म्हणाला, "त्यात काय होतं गं? जेवली का, निजली का, तेच ते. कोरी कॅसेट नव्हती घरात. अन् भाषण लय महत्त्वाचं होतं." वर वहिनीला भाकरी वाढायला सांगितली. त्यानंतर मी भाऊबीजेला गेले नाही. त्यानं वहिनीच्या हाती साडी पाठवली, ती मी तशीच परत केली. मधे पडलेल्या नातेवाइकांनी मलाच समजावलं, एवढ्या एका कॅसेटसाठी भाऊ तोडतेस का म्हणून.

उरलेल्या कॅसेटना बुरशी लागण्याआधी त्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या, हे मग मी मनावर घेतलं. पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर बँकेत शिकले होते. माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर चालणारं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एका आंधळ्या मित्रानं सीडीवर दिलं. पहिल्याच दिवशी मी असा घोळ घातला, की तो डोळसांकडून होणंच शक्य नाही. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर जे ऐकू येईल ते सगळंच उतरायचं. वेळ किती झाली बघायला मी एक बटण दाबलं, आणि आई तेल लावायला सांगत असताना मधेच मशीन इंग्रजीत आकडे बोललं. तेही कायमचं आईच्या आवाजात मिसळून गेलं. ती बाजू पुन्हा करावी लागली. तेव्हापासून टेप चालू असताना मी कीबोर्डला बोट लावत नाही. हात मांडीवर ठेवून ऐकत बसायचं.

दादाचं भाषण मी अर्थातच उतरवलं नव्हतं. ती कॅसेट ड्रॉवरमध्ये मागे टाकली होती. तेरावं झाल्यावर वहिनी आली. चहा घेतला, मग म्हणाली, "ताई, फोटो ढीगभर हायत. आवाज कुठंच नाय त्यांचा. तुमच्याकडं ती कॅसेट हाय ना?" मला तिचाही राग आला. माझ्या आईचा आवाज पुसून राहिलेला तो आवाज, तो आता मी जपून, स्वच्छ करून द्यायचा? पण भाकरी वाढणारी बाई ती, तिनं माझं काय घोडं मारलं होतं. देते म्हटलं.

पुढच्या रविवारी कॅसेट लावली. भाषणात मशीनची बडबड नको, म्हणून हात मांडीवर. इतकी वर्षं दोन मिनिटांपलीकडे मी जे ऐकलं नव्हतं, ते आता पूर्ण ऐकणं आलं. दादा व्यापाऱ्यांना शिव्या देत होता, द्वारकेच्या चौकात अडकणाऱ्या टेम्पोंबद्दल विनोद करत होता. दुसऱ्या बाजूवर त्यानं आवाज कापरा केला आणि म्हणाला, "माझी माय अडाणी, पण तिचा शब्द न् शब्द मी जपून ठेवलाय." टाळ्या… माझ्या हाताची मूठ झाली होती, पण हात उचलता येत नव्हता. मेल्यावरही हा माणूस मला गप्प बसवून बोलत होता.

भाषण संपलं. खट्. आता नुसती खरखर असेल म्हणून मी कीबोर्डकडे हात नेला, आणि हेडफोनमध्ये आई बोलली. भाषण टेपपेक्षा थोडं आखूड पडलं होतं. शेवटचा एवढासा तुकडा त्याच्या हातून पुसायचा राहिला होता. त्याचं "बास, संपलं" नको म्हणून आधीच टेप बंद करणाऱ्या मीही तो कधी ऐकला नव्हता.

वहिनीला सीडी दिली, भाषण टाळ्यांसकट पूर्ण. तो शेवटचा तुकडा मात्र मी कापून घेतला, त्याची वेगळी फाईल केली. तिला सांगितलंही नाही. बँकेतून आल्यावर हेडफोन लावते, स्पेस दाबते. माझा राग गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. पण त्या तुकड्यात दोघंही आहेत, आणि त्याला कापून एकट्या आईला ठेवावं, तर तिचं बोलणं कुणाशी चाललंय तेच उरत नाही. खूपदा प्रयत्न केला. आई विचारते, "किती राहिली रे टेप? मला तिला एक सांगायचंय." आणि दादा, कॉलेजातला, मिसरूड फुटलेल्या आवाजाचा, म्हणतो, "आहे अजून. बोल तू." आई श्वास घेते, आणि टेप संपते.