साठचा पिवळा बल्ब

माझ्या आतेभावाइतका वाया गेलेला हुशार माणूस अख्ख्या मुलुंडात सापडणार नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. लग्न केलं नाही, पीएच.डी. अर्धवट सोडली आणि उरलेला जन्म स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या एका बरणीपायी घालवला. बरणीत विक्रोळीच्या खाडीचा चिखल, त्यात प्रकाशावर जगणारे जांभळे जिवाणू आणि वर अहोरात्र जळणारा साठचा पिवळा बल्ब. पाहुण्याला चहा मिळो न मिळो, बरणी पाहिल्याशिवाय सुटका नसे. आमच्याकडे घाटकोपरला जेवायला आला की माझ्या बायकोच्या बांगड्या मागून घेई आणि ताटात मांडी. मधे एक मोठी, भोवती छोट्या. "वहिनी, जिवाणूंत रंगद्रव्यांची अशी कडी असतात. उजेड पडतो छोट्या कड्यावर. ते देतं मोठ्याला, मोठं देतं मधल्या केंद्राला, पापणी लवायच्या आत. कुणी स्वतःकडे ठेवून घेत नाही. आपल्या सोसायटीत साधी नोटीस चौथ्या मजल्यावर पोचत नाही."

त्याचे गाईड मात्र ठेवून घेणाऱ्यांतले निघाले. याची सगळी मोजमापं त्यांनी स्वतःच्या नावावर छापली. मी संतापलो, तर हा म्हणे, "पुढे पोचलं ना? मग झालं." असल्या माणसाचा राग येतो तो येतोच.

मागच्या वर्षी एका प्रयोगशाळेतल्या बाईंनी बरणीतला नमुना मागितला. जिवाणू जरा वेगळे होते म्हणे, आणि शोधनिबंधावर याचं नाव येणार होतं. त्याने चक्क नवा शर्ट घेतला. नेमकं तेव्हाच हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि त्यानंतर दीड महिना तो ठाण्याला बहिणीकडे राहिला. घराची किल्ली माझ्याकडे. बल्ब उडाला, तेव्हा मी उदार मनाने झकास एलईडी लावला. असल्या पांढऱ्या दिव्याखाली जिवाणू उपाशी राहतात, हे त्याने मला शंभरदा सांगितलं होतं आणि मी शंभरदा मान डोलावली होती. बरणी हिरवीगार झाली. मला वाटलं, बाळसं धरलं.

"शेवाळ आहे रे हे," घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला.

"पुन्हा लावू की."

"याला बारा वर्षं लागली. माझ्याकडे आहेत का तेवढी?"

बाईंना त्याने फोनवर सांगितलं, "माझ्याच हलगर्जीपणाने बरणी गेली." शेजारी मी उभा होतो. मला शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

परवा तो जेवायला आला, तेव्हा बायकोने आपणहून बांगड्या काढून दिल्या. त्याने त्या थोडा वेळ हातात धरल्या आणि तशाच परत केल्या. दुकानं पालथी घालून आणलेले चार पिवळे बल्ब तेव्हा आतल्या कपाटात होते. उठून द्यायचं धाडस झालं नाही. ते अजून माझ्याकडेच आहेत.