कार्डात गेलेला आवाज

त्या काळात आमच्या पाटोद्यात गाणी किराण्यासारखी भरून मिळायची. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं, वीस-तीस रुपये मोजायचे आणि दुकानदार कॉम्प्युटरला लावून कार्ड गच्च भरून द्यायचा. भजन मागा, लावणी मागा, वर चार गाणी तो त्याच्या आवडीची घालायचाच. एका कॅसेटच्या पैशात शेकडो गाणी मिळत असल्यावर तक्रार कोण करणार?

घरात मोबाईल एकच, अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे वडील. पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं. संध्याकाळी ते मोबाईल चार्जिंगला लावून पूजेला बसायचे, तेवढा वेळ तो माझा. एकदा आई परसात होती, तेव्हा मी स्वयंपाकघरात सिनेमातलं एक प्रेमाचं गाणं म्हटलं आणि रेकॉर्ड केलं. आपला आवाज कसा लागतो ते ऐकायचं होतं, दुसरं काही नाही. शेवटी आई परसातून ओरडली, "अगं, दूध उतू चाललंय, ध्यान कुठंय तुझं?" तेही त्यात आलं. मला हसू आलं, म्हणून मी ते पुसलं नाही.

दसऱ्यानंतर अप्पांनी कार्ड काढून दिलं आणि शंकराची भजनं भरून आणायला सांगितली. रेकॉर्डिंग त्याच कार्डात आहे, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. ते ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस होते. कारखान्यावर पुढं उन्हाळ्यापर्यंत गाणी पुरली पाहिजेत, म्हणून जो तो कार्ड भरायला यायचा. दुकानदार सगळ्यांची कार्डं डब्याच्या एका झाकणात ठेवायचा. नखाएवढी, काळी, सगळी सारखी. घरी येऊन कार्ड लावलं तर भजनाऐवजी ढोलकी सुरू झाली आणि फोटोत हार घातलेला ट्रॅक्टर दिसला.

मी धावत परत गेले.

"त्या टॅक्टरवाल्याचं आसंल. टोळी गेली की आत्ताच," दुकानदार म्हणाला. "घाबरती कावून? भजनं दुसऱ्या कार्डात भरून देतो."

घाबरती कावून म्हणे! माझ्या चुलत बहिणीचा नुसता फोटो एका पोराच्या मोबाईलमध्ये सापडला होता. महिन्याभरात तिचं शिक्षण बंद आणि लग्न उरकलेलं. मी रोज एसटीनं बीडला कॉलेजला जात होते, तेही आईनं अप्पांच्या मिनतवाऱ्या केल्या म्हणून. माझा आवाज, तोही असलं गाणं म्हणणारा, परक्या माणसाच्या खिशात आहे, हे अप्पांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून घरात बसावं लागलं असतं.

तो अख्खा हिवाळा मी भीतीत काढला. स्टँडवर पोरं मोबाईलभोवती गोळा होऊन हसली की मी एसटीच्या पल्याड जाऊन उभी राहायचे. ब्लूटूथनं गाणं या खिशातून त्या खिशात कसं जातं, हे मला चांगलं माहीत होतं. परीक्षेचा अभ्यास करताना ओळी डोळ्यांपुढून जायच्या आणि डोक्यात एकही राहायची नाही. आईला सांगायचा धीर झाला नाही.

उन्हाळा लागता लागता टोळ्या परतल्या. एका दुपारी मी अप्पांचा डबा घेऊन दुकानात गेले, तर समोर ट्रॅक्टर उभा. ड्रायव्हर गूळ-शेंगदाणे घ्यायला उतरला होता आणि डेक चालू ठेवला होता. एक गाणं संपलं आणि दुसरं लागलं. दुसरं माझं होतं.

अप्पा शेंगदाणे जोखत होते. त्यांनी मान वर केली.

"बरी गाती की," ते म्हणाले. "कोन हाय ही?"

"काय म्हाईत," ड्रायव्हर म्हणाला. "कार्डात आली. आमच्या टोळीत समद्यांकडं हाय."

अप्पांनी ओळखलं नव्हतं. मला पळून जायचं होतं, कारण शेवटी काय येणार, ते मला माहीत होतं. कडवं संपलं आणि डेकमधून आई ओरडली, "अगं, दूध उतू चाललंय, ध्यान कुठंय तुझं?"

अप्पांचा हात तराजूवर तसाच राहिला. आईला त्यांनी चार शब्दांत ओळखलं. मग माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरला शेंगदाणे बांधून द्यायला गेले, तर पुडीची दोरी त्यांच्या हातून दोनदा सुटली. शेवटी मीच ती बांधली.

ट्रॅक्टर गेल्यावर ते गल्ल्यावर बसले. डबा उघडला नाही.

"किती जणांकडं गेलं आसंल गं?" त्यांनी हळू विचारलं.

मी डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला.

"तुझ्या आईला बोलू नको," ते म्हणाले. "लई भेल ती."

कॉलेज बंद झालं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस पेठेत कुठं गाणं लागलं, की मापं टाकायची थांबवून अप्पा आधी ते नीट ऐकायचे.