वारेत दडलेला ताप

रोज सकाळी चहाच्या आधी दोर्सिला कणगीमागे जाऊन टाचेने माती दाबायची. घरातल्या सगळ्या बाळांच्या, जन्मानंतर पडलेल्या वारा तिथे पुरलेल्या होत्या. कुत्र्याने त्या उकरल्या तर मूल घराला पारखं होतं, असं सरोवरकाठच्या त्या लुओ जमातीच्या वस्तीत सगळेच मानत. तिच्या पहिल्या बाळाची वारही तिथेच होती. ते बाळ आठवडाभरही जगलं नाही, आणि सासू मरेपर्यंत तिला ‘पोरखाई’ म्हणत राहिली.

आता सून अकेयो पहिलटकरीण होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, उठता-बसता दम लागायचा.

“ताप आहे म्हणे!” दोर्सिला म्हणायची. “मलेरिया पोरासोरांना होतो. घोड्याएवढ्या बाईला झालेला कधी ऐकलाय?”

दवाखान्यात बोटातलं रक्त तपासलं, तेही साफ निघालं. तरी नर्सने गोळ्या दिल्या. दोर्सिलाने त्या संडासात टाकल्या.

“धडधाकट बाईला कसल्या गोळ्या? पाणी आणायला काय तुझा बाप येणारे?”

मुलगी झाली ती तळहाताएवढी, रडायचंही बळ नसलेली.

“हिनेच काहीतरी पाप केलंय,” दवाखान्याच्या ओट्यावर दोर्सिला सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “पोर इथे ठेवते आणि हिला माहेरी हाकलते.”

नर्स आपोंदी वार घेऊन बाहेर आली. “याचा तुकडा तपासायला हवाय, आई.”

“हात लावशील तर बघ! आमच्या घरची वार आहे ती.”

“न्या. पण आधी नीट बघा.”

वार काळपट होती, चुलीतल्या काजळीसारखी.

“हा मलेरियाच,” नर्स म्हणाली. “वारेच्या पेशींवर एक वेगळीच साखर असते. खायची नव्हे. जंतू शिरलेलं रक्त तिला धरून बसतं, म्हणून बोटात सापडत नाही. लहानपणापासून ताप सोसून अंगात आलेली ताकद इथे कामी येत नाही, कारण ही जागा पहिल्या गरोदरपणातच नव्याने तयार होते. पुढच्या खेपांना शरीर ओळखायला लागतं. गोळ्या त्यासाठीच होत्या. घेतल्या ना?”

“सासूबाईंनी संडासात टाकल्या,” आतून अकेयो म्हणाली.

दोर्सिला वारेकडे बघत राहिली. “माझ्या पहिल्याचीही अशीच काळी होती,” ती म्हणाली. मग नर्सवर खेकसली, “बघत काय बसलीस? काप. आणि उरलेली इकडे दे, पुरायचीय.”

माहेरचा विषय पुन्हा निघाला नाही. पोरगी तगली. दोर्सिलाने माफी मागितली नाही, अकेयोने माफ केलंही नाही. एका चुलीवर दोघी कामापुरतं बोलत राहिल्या, तेही तुटक.

काही वर्षांनी धाकट्या सुनेला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा दोर्सिला अंथरुणाला खिळली होती. एका संध्याकाळी अकेयो तिला पेज भरवत होती. दोर्सिलाने चमचा बाजूला सारला.

“धाकटीने गोळ्या गिळल्या का? तोंड उघडायला लावून बघ. आणि कोंबड्या आत घे, अंधारतंय.”