गाळ कोणाचा?

ऑफिसात त्यांना सगळे कच्चेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण इतक्या मोठ्याने की तोंडावर म्हटल्यासारखंच. नगरपालिकेला एखादी मोठी गोष्ट बांधायची असते, पण एकटीला ती झेपत नाही. मग खासगी कंपनीला सोबत घ्यावं लागतं. अशा भागीदारीचा अगदी पहिला, कच्चा प्रस्ताव तयार करणं हे बाईंचं काम. लोकांना ही गोष्ट हवी आहे का, जमीन कोण देणार, राबणार कोण, आणि बुडालंच तर कोणाचं बुडणार, हे सगळं मोजक्या पानांत बसवायचं. मग प्रस्ताव वर जायचा, वरून खाली यायचा आणि कपाटात जाऊन झोपायचा. बस स्थानक झोपलं होतं, पाणी शुद्ध करायचा प्रकल्प झोपला होता, वाहनतळ तर घोरत होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंच्या हातून एक वीट उभी राहिली नव्हती.

दुसरं कोणी असतं तर केव्हाच हात टेकले असते. पण बाई कुठल्या ऐकायला! नवा विषय आला की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. त्यातही जोखमीचा तक्ता म्हणजे त्यांचा जीव की प्राण. डाव्या रकान्यात काय काय बिघडू शकतं, उजव्या रकान्यात ते कोणी निस्तरायचं. ही खोड घरातही शिरली होती. पाहुणे यायचे म्हटलं की त्या विचारत, "दूध नासलं तर कोण जाणार?" नवरा बिचारा निमूटपणे पिशवी घेऊन आधीच जाऊन यायचा. सासूबाई म्हणायच्या, "बरं झालं, लग्नाच्या बोलणीला हिला बसवलं नाही. नवरा बिघडला तर कोणाचा, असं विचारून बैठकच मोडली असती हिने."

यंदाचा विषय होता खाडीवरची फेरीबोट. पलीकडे मोठं इस्पितळ, कॉलेज, कारखाने, अलीकडे घरं. मध्ये एवढंसं पाणी, आणि रस्त्याने जायचं तर अख्ख्या खाडीला वळसा. जुना धक्का पालिकेने नव्याने बांधायचा, बोटी कंपनीने चालवायच्या, अशी बाईंची मांडणी. पण नवे साहेब घाईचे होते. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "बाई, हा शेवटचा. कंपन्यांनी रस दाखवला तर पुढे नेऊ. नाहीतर तुमचा कक्ष बंद, आणि तुम्ही दाखल्यांच्या खिडकीवर." कक्ष म्हणजे तरी काय, बाई आणि ते कपाट. पण त्या कपाटाबाहेर एक तरी प्रस्ताव जिवंत निघावा, याचा बाईंना ध्यास लागला होता.

कंपन्यांना चाचपण्यासाठी बैठक ठेवली. तिघं आले. एक चष्मेवाले गृहस्थ, एक उंच गडी आणि एक तरुण इंजिनिअर मुलगी. बाईंनी प्रस्तावाच्या प्रती वाटल्या आणि जीव ओतून सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "काही शंका?" चष्मेवाल्यांनी चहा ढवळला. उंच गड्याने पंख्याकडे बघितलं. मुलीने वही मिटली. तिघंही नमस्कार करून चालते झाले.

"झालं," साहेब म्हणाले. "प्रतिसाद नाही, असा शेरा मारतो."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. खुर्च्या सरकवत त्या टेबलाशी घुटमळल्या, प्रस्तावाची आपली प्रत चाळू लागल्या, आणि जोखमीच्या तक्त्यावर त्यांचं बोट थांबलं. ओहोटीला धक्क्याजवळ गाळ उघडा पडतो. तो कोणी काढायचा, यापुढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'अजून ठरलेलं नाही.' गाळात बोटी रुतणार, म्हणजे बोटी चालवणाऱ्याने दचकायलाच हवं अशी ती जागा. ज्याने तक्ता नुसता वरवर चाळला, तोही आधी हेच विचारेल. आणि तिघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं!

बस स्थानकाच्या वेळी काय झालं होतं? कंपन्यांनी वा वा केलं, प्रश्नांची सरबत्ती केली, बिस्किटं संपवली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. ज्याला काम घ्यायचं नसतं, तो बिनधास्त विचारतो. ज्याला घ्यायचं असतं, तो शेजारच्या खुर्चीवरच्या स्पर्धकाला कशाला कळू देईल?

बाई जवळजवळ धावतच साहेबांच्या खोलीत शिरल्या. "साहेब, शेरा मारू नका! ते मुद्दाम गप्प होते!"

"बाई, गप्प म्हणजे गप्प."

"उद्या सकाळी ओहोटी आहे. ज्याला रस आहे तो गाळ बघायला येणारच. उद्यापर्यंत थांबा, एवढंच म्हणते."

"आणि कोणी आलं नाही तर?"

"तर मी आपणहून खिडकीवर बसते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आता माघार नव्हती.

सकाळी त्या निघाल्या तेव्हा सासूबाईही चप्पल घालून तयार. "तू वाकून गाळ बघशील आणि पडशील. पडलीस तर कोणाची? माझीच ना?" दोघी जुन्या धक्क्यावर पोहोचल्या. पाणी पार मागे सरलं होतं, काळा गाळ उन्हात चकाकत होता. आणि कंपनीचं माणूस? एकही दिसेना. दाखल्यांची ती खिडकी त्यांना आत्ताच दिसायला लागली.

"अगं," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तो मासे धरणारा बघ. काठीला दोरी आहे, पण गळच नाही."

बाईंनी निरखून पाहिलं. पडक्या भिंतीच्या आडोशाला चष्मेवाले गृहस्थ बसले होते. हातातली काठी गाळात खुपसत, बाहेर काढत आणि ओल्या भागाला फूटपट्टी लावत. थोडं पलीकडे उंच गडी कॅमेरा घेऊन पक्ष्यांचे फोटो काढत होता. पक्षी डावीकडे होते आणि कॅमेरा उजवीकडे, थेट धक्क्याच्या खांबांवर. बाईंना आनंदाने काय करावं सुचेना. त्यांनी सासूबाईंचा हात इतक्या जोरात दाबला की त्या ओरडल्या. मग साहेबांना फोन लावला. "साहेब, या! असाल तसे या!"

साहेब आले ते एका पायात मोजा घालून. नेमक्या त्याच वेळी खांबांमागून किंकाळी ऐकू आली. इंजिनिअर मुलगी गुडघ्यापर्यंत गाळात रुतली होती. जो तो धावला. चष्मेवाले काठी घेऊन, उंच गडी कॅमेरा सांभाळत, मागून साहेब. धक्क्याच्या पायऱ्यांवर ते दोघं समोरासमोर आले, खाली गाळात तिसरी, आणि तिघंही स्पर्धक एकमेकांकडे बघून कानकोंडे झाले. बाईंनी पदर खोचला, मुलीचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. बूट आतच राहिला, मुलगी बाहेर आली. धापा टाकत तिने पहिलं काय विचारावं?

"मॅडम, हा गाळ दरवर्षी तुम्ही काढणार की आम्ही?"

"अर्धा अर्धा काढू!" चष्मेवाले ओरडले.

"आमची कंपनी सगळा काढेल," उंच गडी म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

साहेब एका पायावर उभे राहून आळीपाळीने सगळ्यांकडे बघत राहिले. मग हसायला लागले. "बाई, तिघांना वेगवेगळं बोलवा. आजच."

त्या दिवशी तिघांशी बंद दाराआड स्वतंत्र बोलणी झाली आणि प्रत्येकाला बाहेर काढता काढता साहेबांच्या नाकी नऊ आले. गाळाचा रकाना भरला. संध्याकाळी फाइलवर सही पडली. आता पुढचं काम वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरांचं आणि वकिलांचं. निविदा ते काढणार, आणि बाईंचं नाव कुठेही येणार नाही. शिपाई फाइल न्यायला आला, तर बाईंनी दिली नाही. छातीशी धरून त्या स्वतः जिना चढल्या.

वरच्या कारकुनाने मान वर न करता आवकची नोंद केली. गेली कित्येक वर्षं विचारायचा तेच विचारलं, "परत न्यायला कधी येताय?"

बाईंचे डोळे भरून आले, आणि त्या अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाही येणार!"