निळ्या फुलांचे सहा कप

कोरगावच्या पोदेरानं पाव वाटता वाटता पेडण्यात माझ्या दुकानापुढं सायकल थांबवली. "शेट, तुमची आक्का गेली," एवढंच बोलला. मी तराजूत साखर घालत होतो. ती साखर मी पुरी तोलून, पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि मग दुकानाची फळी ओढली. दीड महिना झाला, त्या साखरेची मला अजून लाज वाटते.

आई लवकर गेली, म्हणून मला न्हाऊ-माखू घालणारी आक्काच. भावजी गेल्यावर काजूच्या चार झाडांवर तिनं लेकीला, सुषमाला, वाढवलं, पण माझ्या दुकानातला गुळाचा खडाही फुकट उचलला नाही. देऊ केला की डोळे वटारायची. "भावाचा फुकटचा नको माका. तुकाय पोरां आसत." घ्या! अशा बाईला द्यायचं तरी काय?

यंदा वैशाखात सुषमाचं लग्न होऊन ती डिचोलीला गेली. गोव्याचं वेगळं राज्य झालं ते त्याच सुमारास. दुकानात जो तो कोंकणी-मराठीवरून हमरीतुमरीवर यायचा, आणि आक्काच्या डोक्यात मात्र एकच... वजें. नव्या लेकीच्या सासरी पहिल्या चवथीला, गणपतीत, माहेरून फळा-फराळाची पाटी जाते, ते वजें. व्याही ट्रकवाले, पैशानं जड. नेवऱ्या-लाडवांसोबत नजरेत भरेल असं काहीतरी हवं होतं.

नेमकी तेव्हाच एका चहा कंपनीची योजना आली. अर्ध्या किलोच्या खोक्यात कप-बशी मोफत. आक्का हरखली. "ह्या तुझा न्हय, कंपनीचा. ह्या घेवक माका लाज नाय!" खोकं सीलबंद असायचं. कपावरचं फूल निळं की तांबडं, ते फोडल्यावरच कळायचं. पहिल्या सहांत चार निळे आले, दोन तांबडे. "विजोड कप व्याह्यांकडे कसे धाडूं?" म्हणून आणखी एक खोकं, मग आणखी एक... नशीब बघा, तांबडेच निघत गेले. सहावं निळं फूल मिळालं ते चवथीच्या चार दिवस आधी. दुकानात येऊन लहान मुलीसारखी हसली होती.

दुसऱ्या गिऱ्हाइकाशी तिचे कप मला सहज बदलून देता आले असते. सुचलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पेडण्यात सगळ्यांत जास्त खोकी विकणाऱ्या दुकानदाराला कंपनी भिंतीवरचं घड्याळ फुकट देणार होती. ते मला मिळालं.

वजें डिचोलीला पोचलं, आणि मग आक्का गेली ती काळजाच्या दुखण्यानं. उशाशी गोळ्यांची डबी सापडली, त्यात एकूणएक गोळी सुरीनं अर्धी केलेली. सुषमाला तिनं सांगितलं होतं, डॉक्टरांनीच अर्धी घ्यायला सांगितलीय. मी म्हापशाला जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बाई तीन महिने आल्याच नाहीत हो." त्याच म्हापशात, शुक्रवारच्या बाजारात, एकाच फुलाचे सहा कप तिला दोन खोक्यांच्या पैशांत मिळाले असते. मी दुकानदार! मला भाव ठाऊक नव्हते?

बाराव्याला माणसं जमली. सुषमानं चहासाठी फडताळ उघडलं, तर वरपासून खालपर्यंत खोकीच खोकी. कप तेवढा काढून घेऊन, चहासकट पुन्हा नीट मिटलेली. "एवढा च्या ती पी तरी कधी गे?" मी विचारलं. सुषमा रडायलाच लागली. "डॉक्टरान आयेक च्या बंद केलो होतो, मामा. दोन वर्सां ती पेजच पी."

आक्का, मेले, भावाकडून घ्यायचं होतंस गे फुकट! भांडून घ्यायचं होतंस...

सोमवारी दुकान बंद ठेवून मी कोरगावला जातो. तिची चूल पेटवतो, त्या खोक्यांतलाच चहा करतो आणि तिला नको झालेल्या तांबड्या फुलाच्या कपातून पितो. फडताळ अजून अर्धंही रिकामं झालेलं नाही.