पिशवीतली झाडं

टेकडीच्या पायथ्याच्या सरकारी रोपवाटिकेत हल्ली माझ्याशिवाय कोणी फिरकत नाही. आधीच्या सरकारला टेकडीवर जंगल हवं होतं, म्हणून ही रोपं वाढवली. नव्या सरकारचं मत पडलं की विकास म्हणजे रस्ते. रोपं पिशव्यांतच राहिली. रस्ताही अजून आलेला नाही.

काल सहज एक पिशवी उचलायला गेले, तर हलेना.

"ओढू नका, ताई," राखणदार म्हणाला. "पिशवी फाडून मुळं खाली गेलीत. वाट तरी किती बघणार?"

सरकारचं बरं असतं, दर निवडणुकीला नव्याने सुरुवात करता येते. रोपाला कुठली आलीय दुसरी सुरुवात? दाटीवाटीत एकमेकांचं ऊन अडवत ती तिथेच उंच झालीत.

मी टेकडी चढून गेले. उतरत्या उन्हात त्या उघड्या माथ्यावर एकच सावली होती, माझी.